ओटीत दिलेली सान्वी

आंबिवली,
९ ऑगस्ट २०२२

नयन,

पोचल्याचा तुझा मेसेज साईनाथभाऊजींनी दाखवला. बर्फाच्या देशात चाललेय असं सांगून गेलीस आणि फोटोत बघते तर अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट! असो. सुखरूप पोचलीस, जीव भांड्यात पडला.

कालचा व्हिडिओ कॉल शेवटचा. रागावू नकोस, आधी ऐक. तुझा चेहरा दिसला तशी सान्वी हसली. मग तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि उलटा करून मागे बघायला लागली, तू तिथे कुठे लपलीयस का ते. कॉल संपल्यावर पोरीने घास घेतला नाही. दीड वर्षाच्या जीवाला काय कळतंय, फोटो कुठला आणि आई कुठली. तेव्हा आता तू पत्र लिही. हाताने लिही, फोटो काढून मला पाठव, मी तिला वाचून दाखवीन. मीही तशीच उत्तरं पाठवीन. तुझं अक्षर घाण आहे, ते चालवून घेईन.

सासूबाईंचा जीव अजून देवळातच अडकलाय. तुझा पहिला मुलगा बारशाआधी गेला, ही सातव्या महिन्यात जन्मली, म्हणून घरच्या रीतीप्रमाणे तिला सुपात ठेवून गावदेवीसमोर माझ्या ओटीत घातली. पोर दुसरीचं आहे म्हटलं की वाईटाची नजर चुकते, एवढाच त्याचा अर्थ. मी देवळाला पाच फेऱ्या मारायच्या आणि मग तू मूठभर तांदूळ आणि नारळ माझ्या पदरात घालून तिला परत घ्यायचीस. माझी तिसरी फेरी चालू होती आणि बाहेर तुझ्या विमानतळाच्या गाडीने हॉर्न मारला. "ताई, आल्यावर घेते" म्हणालीस आणि पळालीस! सासूबाई ताट घेऊन तशाच उभ्या. येताजाता म्हणतात, "अर्धं सोडलेलं काम देवी इसरत नाय गो." मी म्हटलं, जाऊ द्या, फुटबॉलातली स्ट्रायकर आहे, पुढेच पळणार.

सान्वी मजेत आहे. तिची काळजी करू नकोस. गोल कर.

चित्रा


सर्बिया,
२१ ऑगस्ट २०२२

चित्राताई,

इथूनच पाया पडते, म्हणजे वाकावं लागत नाही.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. मग सान्वी फोन उलटा करून बघतेय ते डोळ्यांसमोर आलं आणि राग कुठे गेला कळलंच नाही. बरोबर आहे तुमचं. नाही करत कॉल. अक्षराबद्दल मात्र बोलू नका. शाळेत बाई म्हणायच्या, तू पायानेच लिहीत जा.

इथे उन्हाळा आहे, बर्फ नोव्हेंबरात येणार म्हणतात. घानाच्या एका मुलीबरोबर खोली आहे. ती तिच्या देवाला सकाळी हाक मारते, मी आपल्या देवीला, दोघींचं भांडण नाही. जेवायला बटाटा, चीज आणि परत बटाटा. तुम्ही दिलेली लसणाची चटणी पुरवून पुरवून खातेय.

खेळाचं म्हणाल तर इथे मी कुणीच नाही. ठाण्याच्या मैदानावर मी नुसती चालत आले तरी समोरच्या डिफेंडर मागे सरकायच्या. इथल्या पोरी धिप्पाड, धक्का मारतात आणि वर बघतही नाहीत. आणि स्ट्रायकरचं तुम्हाला माहितेय, अकरा जणींत सगळ्यात जास्त वाट बघणारी तीच. अख्ख्या मॅचमध्ये एखाददुसरा बॉल नीट मिळतो. तो घातला की सगळ्या मिठ्या मारतात. नाही घातला तर परतीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी असते.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, नवरा असून साईनाथलाही नाही सांगितली. पहिल्या आठवड्यात सरावाला पळताना छाती ठणकायची आणि टीशर्ट ओला व्हायचा. सान्वीचं अंगावरचं तोडून महिनाच झालेला ना. इथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. आता बंद झालंय. ज्या दिवशी बंद झालं त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे. तान्हं पोर टाकून बॉलमागे गेली. पण ताई, दोन बाळंतपणं झालेल्या स्ट्रायकरला टीम इंडियात कोण घेणार? इथल्या क्लबात खेळून दाखवलं तरच. मला दोन वर्षं द्या. आणि देवीला सांगा, ही नयन सध्या ऑफसाइडला उभी आहे, तिचं काही धरू नका. आल्यावर तांदूळ देते.

तुमची,
नयन


आंबिवली,
२ डिसेंबर २०२२

नयन,

तुझ्या पहिल्या गोलचा व्हिडिओ भाऊजींनी वागळे इस्टेटच्या कंपनीत सगळ्यांना दाखवला. नंतर म्हणे सुपरवायझरने पेढे मागितले. पोरगा तुझ्यामुळे कंगाल होणार.

काल शेजारच्या ऐश्वर्याच्या धाकट्याचं बारसं झालं. आता तुला म्हणून सांगते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी बारशाला जाते ती थेट स्वयंपाकघरात. पुऱ्या लाटायला सगळ्यांना चित्रा लागते. पाळण्याजवळ कुणी बोलवत नाही. तोंडावर कुणी काही बोललेलं नाही, खोटं कशाला सांगू, पण नाव ठेवायची वेळ झाली की मला हमखास कुणीतरी आतून साखर आणायला पाठवतं. मी पण जाते. साखर सापडली तरी जरा वेळ लावून येते.

काल सान्वीला कडेवर घेऊन अशीच मागे उभी होते. तर ऐश्वर्याची सासू म्हणाली, "काय गो चित्रा, लेकुरवाळी तू, मागं काय उभी? ये पुढं, पोर घे." मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतेय. मग पुढे गेले. 'गोविंद घ्या' म्हणत बाळ माझ्या हातात दिलं, मी 'गोपाळ घ्या' म्हणून पाळण्याखालून पलीकडे दिलं. पोर पडेल असं वाटलं. घरी येऊन खूप रडले. ह्यांनी विचारलं तर डोळ्यात कचरा गेला म्हटलं.

सान्वी मला आई म्हणते आता. घरात जो तो तिला 'आईकडे जा' म्हणून माझ्याकडे पिटाळतो, ती तरी काय करणार. तू आलीस की कळेल तिला. तुझी आठवण काढत नाही, रडत नाही, तेव्हा तू निर्धास्त खेळ.

चित्रा


सर्बिया,
१५ जानेवारी २०२३

चित्राताई,

बारशाचं वाचलं तेव्हा मी टीमच्या बसमध्ये होते. घानावाल्या पोरीने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, एका बाईने बाळ हातात घेतलं. तिला काय कळणार!

म्हणू दे आई. बिनधास्त म्हणू दे. दोन आया असल्या तर तिचं काय बिघडतंय, दोन्हीकडून लाड होतील. ती माझी आठवण काढत नाही हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी ते वाचून खूश झाले आणि मग सरावाला बॉल भिंतीवर आपटत राहिले. दोन्ही खरं आहे.

डिसेंबरात येते म्हटलेलं, पण क्लबने सुट्टीच दिली नाही. आम्हाला फिटनेससाठी थांबवून घेतलं. सान्वीला सांगा, तिच्यासाठी लाल रंगाचा छोटा बॉल घेऊन ठेवलाय. जूनमध्ये सीझन संपतो, तेव्हा नक्की.

आणि मोठी बातमी शेवटी ठेवलीय. टीम इंडियाच्या संभाव्य यादीत माझं नाव आलंय, ताई! चार वर्षांनी. सासूबाईंना सांगा, गावदेवीला माझ्याकडून नारळ.

नयन


आंबिवली,
१८ जुलै २०२३

नयन,

तू गेल्यावर आठ दिवस मी पेन हातात घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर वाटेल ते लिहून बसले असते. आता डोकं थंड आहे.

जूनमध्ये आलीस. त्यातले निम्मे दिवस टीमच्या कॅम्पने खाल्ले. उरलेल्या दिवसांत सान्वी तुझ्याकडे आली नाही. तू तिला उचललंस तर ती पाठ ताठ करून किंचाळायची आणि माझ्याकडे हात पसरायची. मी मुद्दाम खोलीबाहेर जाऊन बसत होते, हे तुझ्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, रडत्या पोराला देवीसमोर परत घ्यायचं नसतं, म्हणून देवळातही गेलो नाही. बॉल तेवढा तिने घेतला.

काल भाऊजी बोलता बोलता बोलून गेले. डिसेंबरात तुला सुट्टी होती. चांगली दोन आठवडे होती. तू दुसऱ्या शहरात कुठल्या मोठ्या क्लबच्या ट्रायलला गेलीस, आणि त्यांनी तुला घेतलं नाही.

ट्रायलला गेलीस त्याचा राग नाही. तुझं कामच ते. मला खोटं का सांगितलंस? मी कधी म्हटलं होतं, ये म्हणून? पण डिसेंबरात आली असतीस तर सान्वी तुला ओळखत होती, नयन. टीव्हीत हिरवं मैदान दिसलं की तुझं नाव घ्यायची. 'आठवण काढत नाही' असं मी लिहिलं होतं ते तुझा पाय घरात अडकू नये म्हणून. जूनपर्यंत ती विसरली. लहान मुलाचं तेवढंच असतं.

मी तुला दोष देत नाही. पण एवढं लक्षात ठेव, ती माझ्याकडे हात पसरते तेव्हा मला आनंद होतो. लपवून काय करू.

चित्रा


सर्बिया,
२७ ऑक्टोबर २०२४

चित्राताई,

तुमच्या त्या पत्रानंतर आपण जे लिहीत आलो ते सगळं हवापाण्याचं. सान्वीला खोकला, सासूबाईंचे गुडघे, इथला बर्फ. यंदाच्या उन्हाळ्यातही मी येऊ शकले नाही, टीमबरोबर होते. तुम्ही त्याबद्दल शब्दाने बोलला नाहीत. आज मी हवापाण्याचं लिहिणार नाहीये.

गेल्या आठवड्यातली पात्रता फेरीची मॅच तुम्ही सगळ्यांनी घरी टीव्हीवर लावून पाहिलीत. मला माहीत आहे, कारण ऐश्वर्याने व्हिडिओ पाठवला. तिला वाटलं मला मजा वाटेल.

तो गोल माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला गोल होता. शेवटची मिनिटं, डावीकडून क्रॉस आला, माझी पाठ गोलकडे. मी बघितलंही नाही, कुठे आहे गोल ते अंगाला माहीत होतं. वळले आणि डाव्या पायाने मारला. जाळी हलली आणि बाकीच्या दहाच्या दहा जणी माझ्या अंगावर. खाली पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच आलं, सान्वीने पाहिलं असेल.

पाहिलं तिने. व्हिडिओत ती कॉटवर उड्या मारतेय, दोन वेण्या, निळा फ्रॉक. ओरडतेय, "काकूनी गोल मारला! आई, आई, नयनकाकूनी गोल मारला!" आणि तुमच्या गळ्यात पडली. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघितलंत आणि मग खाली बघितलंत.

तुम्हाला आई म्हणते ते मी हसत मान्य केलेलं. दोन आया म्हणून. पण मी काकू कधी झाले, ताई? हे मला कुणी विचारलं? साईनाथला फोन केला तर म्हणतो, "अगं लहान आहे ती, काय मनावर घेतेस, घरातच तर आहे." सगळी टीम खाली नाचत होती आणि मी हॉटेलच्या खोलीत तो व्हिडिओ परत परत लावत बसलेले.

तुम्ही तिला काय सांगितलंत? मला उत्तर हवंय.

नयन


आंबिवली,
३ नोव्हेंबर २०२४

नयन,

काही सांगितलं नाही. ऐश्वर्याची मुलं तुला नयनकाकू म्हणतात, सान्वी दिवसभर त्यांच्यातच असते, तिने तेच उचललं. मी शिकवलं नाही. ऐकल्यावर दुरुस्तही केलं नाही. एकदा मेथी निवडत बसले होते, ती समोर होती. म्हणाली, "आई, नयनकाकू कुठे राहते?" मी म्हटलं, लांब. झालं. काय सांगायला हवं होतं मी? की रोज भरवते ती आई नव्हे आणि टीव्हीत पळते ती आई? कसं सांगायचं ते तू लिही, तसं शब्दाला शब्द सांगते.

तू गेलीस तो पहिला महिना मी तुला कधी लिहिलाच नाही. 'मजेत आहे' लिहीत राहिले. ती दारात बसायची. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की उठून उभी राहायची. मी ताटली घेऊन दारातच बसायचे, घास तिथेच भरवायचे. मग तिला ताप भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. तुझी पहिली लीग मॅच होती तेव्हा. भाऊजी म्हणाले, नयनला कळवू. मी म्हटलं, नको, खेळू दे तिला, तिकडे बसून ती काय करणार आहे. दवाखान्यातून घरी आल्यावर ती दारात गेली नाही. स्वयंपाकघरात माझ्या मागे आली आणि पदर धरून उभी राहिली. त्या दिवसापासून ती माझी आहे. सासूबाईंना वाटतं देवीने दिली. मला कुणी दिली नाही, मी दारात बसून मिळवली.

तू भाऊजींना विचारलंस, मीही ह्यांना विचारून पाहिलं. तेच उत्तर, "घरातच आहे ना पोर, कुठे गेलीय?" पुरुषांना पोर छपराखाली दिसलं की पुरतं. ती कुणाची, हा प्रश्न या घरात तुला आणि मला सोडून कुणाला पडलेलाच नाही. त्यामुळे भांडायचं तर माझ्याशीच भांड.

कॅमेऱ्याकडे बघून मी खाली बघितलं ते तू बरोबर पाहिलंस.

गोल मीही पाहिला. रडत होते म्हणून नीट दिसला नाही. पण पाहिला.

चित्रा


सर्बिया,
११ मार्च २०२५

चित्राताई,

चार महिने मी तुम्हाला लिहिलं नाही. भांडण मनात रोज चाललेलं, तुमची बाजूसुद्धा मीच मांडायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमचीच बाजू जिंकायची.

आता हॉस्पिटलच्या कॉटवरून लिहितेय. तीन आठवड्यांपूर्वी सरावात डावा पाय जमिनीत रुतला आणि वरचं अंग वळलं. कुणी धक्का मारला नाही, काही नाही. गुडघ्यातून काठी मोडल्यासारखा आवाज आला. लिगामेंट पूर्ण तुटलंय. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, वर्षभराने पळशील. पळशील म्हणाले, खेळशील नाही म्हणाले. मी तीस पार केलीत आणि क्लबबरोबरचा करार मेमध्ये संपतोय. क्लबची माणसं चांगली आहेत, फुलं घेऊन आली, पण फुलं आणणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कळतं.

टीम इंडियाची जर्सी माझ्या जागी आता एक एकोणीस वर्षांची मुलगी घालणार आहे. तिने फोन केला, दीदी, तुम्ही लवकर बऱ्या व्हा म्हणाली. मला तिचा राग यायला हवा होता. तिला सांगितलं, क्रॉस यायच्या आधीच जागा सोडायला शीक.

मी परत येतेय, ताई. कायमची. ठाण्याच्या एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायचं काम मिळतंय. आणि मला सान्वी हवीय. आता हिच्याकडे दुसरं काही उरलं नाही म्हणून पोर आठवली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. थोडं तसं आहेही. पण मी इथे रात्रंदिवस छताकडे बघत पडलेली असते तेव्हा मला एकही गोल आठवत नाही. तिने फोन उलटा करून मागे बघितलं तेवढंच आठवतं, आणि तेही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तुम्ही लिहिलेलं आहे.

सगळे आंबिवलीला एकत्र राहू. तुम्ही, मी, ती. तुमच्याकडून मला तिला हिसकावून घ्यायचं नाहीये. तुम्ही सांगाल तसं करू.

नयन


आंबिवली,
२० एप्रिल २०२५

नयन,

तुझ्या पायाला काही व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. हे लिहायची गरज नाही, तरी लिहिते.

ये. पण एकत्र राहू म्हणतेस ते नको. सान्वी पडली तर आपण दोघी धावणार आणि ती माझ्याकडे येणार. रोज येणार. तू ते बघत राहशील आणि एक दिवस मला म्हणशील, निघा इथून, नाहीतर मी तुला म्हणेन. पोरगी मधल्या मध्ये फाटेल. तुझी आई गावी गेल्यापासून वर्तकनगरची खोली बंदच आहे. भाऊजींची कंपनी तिथून जवळ, तुझी शाळा तिकडे. ने तिला.

मी नाही म्हटलं तर ती इथेच राहील, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. सासूबाई माझ्या बाजूने बोलतील, तू पायाने अशी, भांडायचं बळ नाही. म्हणून तर म्हणते, ने. मला तिची आई व्हायचं होतं. तुला बिनलेकराची करायचं नव्हतं. तशी बाई कशी दिवस काढते ते मला कुणी सांगायला नको.

शाळा उघडायच्या आत ने. उशीर केलास तर मी शब्दाला राहीन की नाही, सांगता येत नाही.

चित्रा


वर्तकनगर, ठाणे,
१९ जून २०२५

चित्राताई,

तुम्ही माझा फोन घेत नाही, साईनाथचाही घेत नाही. म्हणून परत पत्र. तासाभराच्या अंतरावर राहून पत्र लिहितेय, असं कुणाला सांगितलं तर हसतील.

त्या दिवशी देवळात तुम्ही सान्वीला माझ्या ओटीत घातलंत, मी तांदूळ आणि नारळ तुमच्या पदरात घातला, आणि तुम्ही चालायला लागलात. सान्वी "आई, थांब" म्हणून ओरडत होती. मी तिला गच्च धरून उभी, सगळा भार उजव्या पायावर, आणि सासूबाई तुम्हाला सांगतायत, "चित्रा, मागं बघू नको गो, रीत मोडंल." तुम्ही नाही बघितलंत. तुमच्या पदरातून तांदूळ सांडत चाललेले मला दिसत होते.

ती किंचाळेल, आपटेल, त्याची माझी तयारी होती. तसं काही करत नाही. शहाण्यासारखी राहते. शाळेत जाते, दप्तर जागेवर ठेवते, पाणी हवं तर मागून घेते. संध्याकाळी चपला घालते आणि मला सांगते, "काकू, आता मला घरी सोड." अगदी नीट बोलते, पाहुण्यांकडे आल्यासारखं. मी म्हणते, हेच घर. ती मान हलवते आणि चपला काढून ठेवते. काल तिने मला विचारलं, "आईला मी आवडत नाही का आता?" मी काय उत्तर देऊ, ताई?

चार घासांच्या वर जेवत नाही. झोपायचं तर भिंतीकडे तोंड करून डोळे उघडे ठेवून पडते. मी गाणं म्हटलं, गोष्ट सांगितली, पाठ थोपटली. शाळेतल्या साठ पोरींना मी एका शिटीवर उभं करते, आणि हिला काय आवडतं ते मला माहीत नाही. ती कुठल्या कुशीवर झोपते हे माहीत नाही. भाजी कुठली खाते ते माहीत नाही. मी तिला जन्म दिला, ताई, आणि मला तिचं काहीच माहीत नाही.

तुम्ही म्हणालात तर उद्या आणून सोडते. खरंच सोडते. नाहीतर मला शिकवा.

नयन


आंबिवली,
२१ जून २०२५

नयन,

फोन घेत नाही कारण घेतला तर मी निघून येईन. तुझं पत्र वाचल्यावर चप्पल घालून कोपऱ्यावरच्या रिक्षांपर्यंत गेलेही होते. हे मागून आले, शेजारी उभे राहिले. मग परत आलो. आणून सोडू नकोस. एकदा सोडलीस तर मी परत देणार नाही.

शिकवते, लिहून घे. भाकरीच्या कडा ती खात नाही, त्या तू खा आणि मधलं तिला दे. आमटी भातावर ओतायची नाही, वाटीत वेगळी द्यायची, ती आपलं आपण बुडवते, सांडलं तर बोलू नकोस. आणि जेवताना तिच्या तोंडाकडे बघत बसू नकोस, तू नक्की बघत असशील. तिच्या शेजारी बसून दुसरंच काहीतरी कर, लसूण सोल, ती जेवेल. मिक्सरला घाबरते, लावायच्या आधी सांगायचं. भांग पाडताना रडते, तेव्हा तिला आरसा हातात द्यायचा. दात घासले का विचारलं तर हो म्हणते, ते खोटं असतं. ताप यायच्या आधी कान धरून बसते. बॉल दिलास तर डाव्या पायाने मारते, हे तुला कधी लिहिलं नाही मी. कुणी शिकवलेलं नाही तिला.

गाणंबिणं तिला लागत नाही. दिवा मालवायचा आणि तू उताणी झोपायचं. थोड्या वेळाने ती आपणहून सरकेल आणि तुझ्या पोटावर पाय टाकेल. गरम होतं, जड लागतो, तरी काढू नकोस. आज नाही टाकणार, आठ दिवस नाही टाकणार. तू उताणी झोपत जा.

आईला मी आवडत नाही का, असं विचारलं तर सांग, खूप आवडतेस, म्हणून तर. पुढचं तिला आता कळणार नाही. नाहीच सांगितलंस तरी चालेल. मी दिवाळीला येईन. तोपर्यंत मला बोलवू नकोस.

आणखी एक राहिलं. झोपेत ती कधी कधी 'आई' म्हणून हाक मारते. डोळे मिटलेलेच असतात, तिला काही नको असतं. कुणी 'ओ' दिली की कूस बदलून झोपते. नाही दिली तर उठून बसते आणि मग तिला आवरत नाही.

ती हाक मला असेल. तू ओ दे.

चित्रा